बंद हँडगार्ड बसवणे: बार एंड, आतला क्लॅम्प आणि लिव्हरची जागा

न्यूट्रल_गियर

मोटरसायकलला बंद प्रकारचे हँडगार्ड बसवायचे आहेत. म्हणजे दोन्ही टोकांना धरलेली ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकची ढाल. हँडल साधं स्टीलचं आहे, मुठीपाशी बाहेरून २२.२ मिमी. टोकाला गाडीसोबत आलेली वजनं (बार एंड) आहेत, फुलीच्या खाचेच्या स्क्रूने धरलेली.

किटमध्ये दोन पट्ट्या, दोन ढाली, आतल्या बाजूचे दोन क्लॅम्प, हँडलच्या टोकात घालायचे दोन एक्स्पांडर (चिरलेली नळी, आत शंकूसारखा, कोनाचा नट) आणि एम ८ चे (८ मिमी व्यासाचे) बोल्ट आहेत. सोबतच्या कागदावर चित्रं आहेत, मापं नाहीत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वजनं ठेवायची की काढायची? थ्रॉटलच्या बाजूला मूठ कापावी लागते, ती किती? आणि लिव्हर पट्टीला लागू नये म्हणून स्विचचे डबे आत सरकवावे लागतील का?

---

पाना_दहाचा

आधी व्हर्निअर घ्या आणि हँडलचा आतला व्यास मोजा, बाहेरचा नाही. २२.२ हे बाहेरचं माप जवळपास सगळीकडे तेच असतं, फरक पडतो तो नळीच्या जाडीने. स्टीलच्या हँडलची भिंत साधारण २ ते २.५ मिमी, म्हणजे आत १७ ते १८ मिमी. ॲल्युमिनियमची भिंत ४ मिमीच्या आसपास, म्हणजे आत १४. किटमधला एक्स्पांडर यातल्या एकाच मापाला नीट बसतो आणि तो कुठल्या, हे कागदावर नसेल तर एक्स्पांडर मोजूनच कळतं.

चिरलेली नळी १ ते १.५ मिमीच फुगते. आतला व्यास १८ आणि एक्स्पांडर १६ चा असेल तर तो पूर्ण फुगूनही भिंतीला धड टेकणार नाही. बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटेल, पण पट्टी हाताने पिळली की टोक फिरेल. अशा वेळी मध्ये १ मिमी भिंतीचा, लांबीत चिरलेला ॲल्युमिनियमचा बुश घालतात: बाहेरून १८, आतून १६, लांबी एक्स्पांडरएवढी. पत्र्याची पट्टी गुंडाळून घालू नका, ती एका बाजूला गोळा होते आणि एक्स्पांडर तिरका बसतो.

दुसरं म्हणजे हँडलच्या टोकात काय आहे ते बघा. काही गाड्यांत टोकाला नट वेल्ड केलेला असतो, तिथे एक्स्पांडर जातच नाही. मग त्याच आट्यांत लांब बोल्ट घालण्यावाचून पर्याय नाही. तो नट फोडून काढण्याच्या फंदात पडू नका, नळीचं तोंड फाटतं.

---

घाटवळण

पट्टीवाले गार्ड घेण्याआधी एक विचार करा. गाडी पुढे कोलमडली आणि हात मुठीवरून सुटून पुढे गेला, तर मनगट पट्टी आणि हँडलच्या मध्ये अडकू शकतं. एकाच ठिकाणी धरलेले उघडे गार्ड अशा वेळी वाकतात किंवा तुटतात आणि हात सुटतो. पण ते वारा, पाऊस आणि फांद्यांपुरतेच. गाडी आडवी पडली की लिव्हर वाचवायची ताकद त्यांच्यात नाही.

---

पाना_दहाचा

बरोबर. रस्त्यावर थंडी-पावसासाठीच हवे असतील तर उघडे पुरतात आणि बसवायला अर्धा तास लागतो. आडवाटेला गाडी वारंवार पडणार असेल आणि तुटलेल्या लिव्हरमुळे अडकून पडायचं नसेल, तर पट्टीवाले. धागाकर्त्याने घेतलेच आहेत, तेव्हा पुढे जाऊ.

---

कानस

वजनाचा स्क्रू निघताना त्रास देणार, आधीच सांगतो. कारखान्यात थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावलेला असतो आणि फुलीची खाच उथळ असते. साध्या पेचकसने दोनदा घसरलं की खाच गेली.

इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, तोच जो हातोडीने ठोकला की फिरतो. त्यात ३ नंबरचं फुलीचं टोक लावा, २ नंबरचं खाचेत डुलतं. ठोकायच्या आधी सोल्डरिंग गन स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा. गरम फक्त स्क्रू होतो, मुठीचं रबर वाचतं. गॅसची बत्ती इथे नको.

स्क्रूबरोबर अख्खं वजन गोल फिरत असेल तर आतला भाग रबरात धरलेला आहे, तो सोबत फिरतोय. बाहेरच्या वजनावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पाइप पान्याने पकडा आणि मग स्क्रू फिरवा.

खाच गेलीच असेल तर डोकं ड्रिलने उडवा. वजन सुटून येतं, उरलेला दांडा बाहेर डोकावतो आणि व्हाइस ग्रिपने निघतो. डोकं नसलं की ताण सुटलेला असतो, त्यामुळे दांडा बहुतेकदा सहज फिरतो.

---

न्यूट्रल_गियर

मोजलं. आतला व्यास १८.० मिमी, एक्स्पांडर १६.०. म्हणजे नेमकी तीच अडचण. टोकाला वेल्ड केलेला नट नाही. बाहेरची वजनं निघाली, स्क्रू एम ६, लांबी ५० मिमी. आत मात्र हँडलमध्ये एक लांब लोखंडी दांडा आहे, रबराच्या कड्यांत बसवलेला, तो ओढून येत नाही. स्क्रू त्यातच जात होता.

---

कानस

ते आतलं वजन. काही गाड्यांत त्याला पत्र्याची जीभ असते आणि ती हँडलच्या एका छोट्या भोकात अडकते. मूठ काढा, टोकापासून काही सेंटिमीटर आत भोक दिसतं का बघा. असेल तर त्यातून बारीक पेचकसने जीभ दाबा, थोडं स्प्रे तेल सोडा, जुना स्क्रू चार-पाच आटे लावून त्याला धरून फिरवत ओढा. भोक नसेल तर तो नुसत्या रबराच्या घट्टपणाने बसलाय, फिरवत ओढत राहायचं.

तेल सोडलंत तर एक्स्पांडर घालायच्या आधी ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने नळी आतून कोरडी ठणठणीत करा. एक्स्पांडर फक्त घर्षणावर धरतो. तेलकट नळीत तो कधीच पकडणार नाही, बोल्टबरोबर आतला नटही गोल फिरत राहील.

---

सैल_नट

आतलं वजन काढायचंच कशाला? ते हँडलची कंपनं मारण्यासाठी आहे. काढलं की एका ठरावीक आरपीएमला तळहाताला मुंग्या येतात. माझं मत: वजनं ठेवा आणि त्याच आट्यांत लांब बोल्ट घालून पट्टी वजनाच्या बाहेरून धरा. हिशेब सोपा आहे. जुना स्क्रू ५० मिमी, बाहेरचं वजन ३५ मिमी, म्हणजे आट्यांत १५ मिमी जात होते. पट्टीचं टोक समजा ८ मिमी जाड आणि वायसर २ मिमीचा, तर ५० + १० = ६० मिमीचा बोल्ट.

६५ घेऊ नका. आतल्या दांड्यातलं भोक आरपार नसेल तर बोल्ट तळाला टेकतो. पाना कडक लागतो, बोल्ट पूर्ण आवळला असं वाटतं आणि पट्टी मात्र डोक्याखाली सैल राहते. शंका असेल तर पट्टीशिवाय नुसता बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि किती बाहेर उरतो ते मोजा. पट्टी, वजन आणि वायसर यांची बेरीज त्या उरलेल्या लांबीपेक्षा निदान २ मिमी जास्त हवी.

---

पाना_दहाचा

हिशेब बरोबर आहे, सल्ला पटत नाही. ३५ मिमीच्या वजनाच्या बाहेर पट्टी धरली म्हणजे हँडलच्या तोंडापासून ३५ मिमी लांब एका एम ६ बोल्टवर सगळा भार. गाडी पडली की फटका तिथेच बसतो आणि बोल्ट वाकतो. न वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे एम ८ हा एम ६ पेक्षा जवळपास २.४ पट भारी. शिवाय आतलं वजन रबरात तरंगतं. पट्टी त्यालाच बांधली तर बाहेरचं टोक मुळात घट्ट कशालाच नाही, थोडं हलत राहणार आणि तो हिसका आतल्या क्लॅम्पवर येणार.

उघड्या गार्डचा हलका बाहेरचा आधार असेल तर वजनावर चालून जाईल. पट्टीवाल्याला एक्स्पांडर आणि एम ८. कंपनांसाठी पट्टीच्या बाहेर, त्याच बोल्टवर बसणारी वजनं मिळतात, ती लावा. पट्टीचं स्वतःचं वजनही टोकाला असतं, त्यामुळे फरक वाटतो तेवढा मोठा नसतो.

---

सैल_नट

आतला दांडा रबरात तरंगतो हा मुद्दा मान्य. पट्टीसाठी एक्स्पांडरच. पण वजनं काढून टाकून बाहेर काहीच न लावणारे बरेच असतात, त्यांनी लांबच्या प्रवासाआधी एकदा विचार करावा.

---

उजवी_मूठ

थ्रॉटलच्या बाजूचं सविस्तर लिहितो, कारण हँडगार्ड बसवताना जीवावर बेतणारी चूक इथेच होते.

मुठीचं रबर टोकाला बंद असतं आणि त्याच्या आत थ्रॉटलची प्लास्टिकची नळी, तीही बऱ्याच गाड्यांत टोकाला बंद. दोन्ही उघडावी लागतात. रबर कापायला नवी ब्लेड घ्या आणि हँडलच्या टोकाच्या कडेवरून ब्लेड गोल फिरवा, कड हीच फूटपट्टी. प्लास्टिकच्या नळीचं टोक मात्र नळी हँडलवरून पूर्ण काढून, बाहेर कापा. जागेवर ड्रिल मारलं तर भुगा नळी आणि हँडलच्या मध्ये जातो आणि मग थ्रॉटल खरखरत फिरतं. कापून झाल्यावर कानशीने आतली धार मोडा, कापडाने पुसा. हँडलवर ग्रीस लावू नका. तिथे धूळ बसून लेप होतो. कोरडं किंवा फार तर सिलिकॉनचा पातळ हात.

आता मुख्य गोष्ट. नळी बसवल्यावर हँडलचं लोखंड नळीच्या टोकापासून १ ते २ मिमी बाहेर आलं पाहिजे. पट्टी लोखंडाला टेकायला हवी, प्लास्टिकला नाही. लोखंड आत राहिलं तर एम ८ बोल्ट आवळताच पट्टी नळीला दाबते आणि थ्रॉटल जिथे सोडाल तिथे थांबतं.

लोखंड आत असेल तर वायसर घालायचा, पण कुठलाही नाही. बाहेरचा व्यास २२ किंवा त्याहून किंचित कमी, म्हणजे तो प्लास्टिकच्या नळीच्या आत जाऊन हँडलच्या तोंडावर बसेल. बाजारात सहज मिळणारा एम ८ चा रुंद वायसर २४ चा असतो. तो नळीच्या कडेवर बसतो आणि जे टाळायचं तेच करतो. २४ चा घेऊन कानशीने २२ वर आणला तरी चालतं. पुरेशी जाडी होईपर्यंत एकावर एक दोन चालतील, चार-पाच नकोत.

तपासणी अशी करा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर (आधी नाही, सैल असताना सगळंच छान फिरतं) थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सोडून द्या. टक्कन आवाज करत बंद झालं पाहिजे. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, तिन्ही ठिकाणी. मग हेच हळूहळू, पाव उघडून, अर्धं उघडून. मग इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये हँडल दोन्ही बाजूंना वळवा. रेस आपोआप वाढली तर आतल्या क्लॅम्पने किंवा पट्टीने थ्रॉटलची केबल ताणली आहे. राइड बाय वायर गाड्यांत केबल नसते म्हणून रेस वाढणार नाही, पण नळी दाबली गेली तर मूठ तिथेही अडकतेच. तो भाग त्यांनीही करायचा.

---

सैल_नट

एक भर. मूठ चिकटवा. चिकटवलेली नसेल तर रबर उन्हाने मऊ होऊन हळूहळू बाहेर सरकतं. बसवताना ठेवलेली २ मिमी फट महिन्याभरात बुजते आणि रबर पट्टीला घासायला लागतं. बसवल्या दिवशी सगळं ठीक होतं, मग आता का अडकतंय, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

---

न्यूट्रल_गियर

हे कळलं. हँडल नळीच्या आत अर्धा मिमी आहे, वायसर लागणार. आता आतल्या क्लॅम्पचं सांगा. क्लॅम्पची रुंदी २५ मिमी, आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक लिव्हरपाशी तेलाची डबी असलेला भाग) ते हँडलचा उंचवटा (जिथे नळी वाकते) यात सरळ नळी फक्त १८ मिमी उरते.

---

कानस

क्लॅम्प सरळ, एकाच जाडीच्या नळीवरच बसला पाहिजे. वाकणाऱ्या भागावर बसवला तर तो दोन रेषांवर टेकतो, आवळला की नळीला खोच पाडतो आणि पुढे हँडल तिथेच मोडतं. म्हणजे तुम्हाला मास्टर सिलिंडर किंवा स्विचचा डबा सरकवून ७-८ मिमी काढावे लागणार. आत सरकवायचे नाहीत, बाहेर सरकवायचे. मुठीच्या कॉलरच्या आणि डब्याच्या मध्ये बऱ्याच गाड्यांत ३-४ मिमी मोकळे असतात, आधी तेवढे घ्या. मास्टर सिलिंडर आणि स्विचच्या डब्यातही थोडी फट असते.

स्विचच्या डब्याच्या आत एक प्लास्टिकची खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते. ती असेपर्यंत डबा सरकत नाही. खुंटी कानशीने घासून टाका, विषय संपला.

---

उजवी_मूठ

डाव्या बाजूला घासा, हरकत नाही. उजव्या डब्यात थ्रॉटलची केबल येते. त्याची खुंटी गेली तर डबा थोडा फिरू शकतो, केबलचा खेळ बदलतो. तिथे खुंटी ठेवा आणि हँडलला नवं भोक पाडा, खुंटीच्या मापाचं, साधारण ५ मिमी. आधी डबा बसवून खुंटीच्या टोकाला थोडी शाई लावा. हँडलवर ठसा उमटतो तिथेच पंच मारायचा.

---

कानस

नळीला भोक पाडणं मला कधीच आवडत नाही, क्लॅम्पच्या शेजारी तर नाहीच.

---

उजवी_मूठ

क्लॅम्पच्या आत येत असेल तर मलाही नाही. जुन्या भोकापासून दोन व्यासांपेक्षा जवळ येत असेल तरीही नाही, दोन्ही भोकं मिळून एक फाट होते. तेवढं अंतर मिळत नसेल तर पट्टीचा आतला आधार हँडलवर न घेता हँडलच्या बैठकीवर, म्हणजे रायझरच्या बोल्टवर घेणारे क्लॅम्प वापरायचे. मग सरळ नळीची गरजच उरत नाही.

---

पाना_दहाचा

मास्टर सिलिंडर सैल केलात तर परत लावताना दोन गोष्टी. त्याच्या मागच्या अर्धगोल पट्टीवर बहुतेकदा 'वर' अशी खूण किंवा बाण असतो, तो वरच हवा. आणि अशा पट्टीचा वरचा बोल्ट आधी पूर्ण, मग खालचा. फट राहील ती खाली राहील, दोन्हीकडे सारखी वाटून घ्यायची नाही. एम ६ बोल्ट, आवळण्याचा जोर सुमारे १० न्यूटन-मीटर. तेलाची डबी शक्यतो आडवी-समतल ठेवा. लिव्हर खाली झुकवण्याच्या नादात डबी फार तिरकी झाली आणि तेल कमी असलं की हवा ओढते.

ब्रेकची नळी पट्टीच्या आतल्या हाताखालून जाते की वरून, ते दोन्ही करून बघा. पुढचं चाक जमिनीवरून उचला म्हणजे फोर्क (पुढचे शॉक) पूर्ण लांब होईल, आणि तसंच हँडल दोन्ही बाजूंना वळवा. सायडस्टँडवर बरोबर वाटणारी नळी खड्ड्यावरून उडाल्यावर ताणते.

---

पाचवा_गियर

मध्येच विचारतो. माझं हँडल जाड, मध्ये २८.६ आणि मुठीकडे २२.२ असं निमुळतं. २२ चाच क्लॅम्प मुठीकडे सरकवून बसतो का?

---

कानस

मुठीकडे तेवढी सरळ जागाच नसते, निमुळता भाग लगेच सुरू होतो. २८.६ चा क्लॅम्प घेऊन मधल्या सरळ जाड भागावर बसवा. निमुळत्या भागावर काहीही बसवू नका. टोकाचा आतला व्यास मात्र तुमचा १४ च्या आसपास येईल, एक्स्पांडर त्या मापाचा.

---

पाना_दहाचा

आता आवळण्याचा क्रम, कारण इथे घाई होते.

सगळं आधी हातानेच लावा, एकही बोल्ट पान्याने आवळायचा नाही. एक्स्पांडर टोकात घालून तोंड हँडलच्या कडेशी समपातळीत ठेवा. पट्टी लावा, आतला क्लॅम्प लावा. सीटवर नेहमीसारखं बसा, हात मुठीवर. पट्टी बोटांच्या पेरांच्या समोर यायला हवी. मग पायदांड्यांवर उभे राहा. मनगट पट्टीच्या वरच्या कडेला टेकत असेल तर पट्टी थोडी खाली फिरवा.

मग आधी बाहेरचा एम ८. सुरुवातीला पट्टी बाहेरच्या दिशेने ओढून धरा म्हणजे कोनाचा नट नळीला पकडतो आणि बोल्टबरोबर फिरत नाही. पकडलं की २० न्यूटन-मीटरच्या आसपास, किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो. त्यानंतर आतला क्लॅम्प, दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा. आतला आधी आवळला तर बाहेरचा बोल्ट पट्टीला हँडलकडे खेचताना ती वाकवतो आणि तो ताण कायमचा राहतो. बोल्ट सैल केल्यावर पट्टी ताडकन उडी मारते ना, ती यामुळेच.

धातूच्या धातूत जाणाऱ्या बोल्टांना निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, एक थेंब. ढालीच्या प्लास्टिकमध्ये अजिबात नाही. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला तो द्रव चालत नाही, स्क्रूभोवती बारीक भेगा पडतात आणि थोड्याच दिवसांत ढाल तिथून तुटते. तिथे नायलॉनवाला नट आणि रुंद वायसर. एक्स्पांडरच्या कोनाला, चिरलेल्या नळीला तेल, ग्रीस, थ्रेडलॉकर काहीच नको.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. १०० किमीनंतर बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय.

---

घाटवळण

ढालीच्या वर लावायचे वाढीव पंखे (किटमध्ये असतात, दोन स्क्रूंवर बसतात) ते थंडीत लावा, एरवी काढा. हँडलच्या टोकाला वाऱ्याला अडवणारा पत्रा म्हणजे वेगात तो वारा थेट हँडल हलवतो. बाजूने जोराचा वारा असेल तर जास्तच. गाडी वेगात पुढून हलकी वाटायला लागली तर आधी पंखे काढून बघा.

आणि आरसे. पट्टी आरशाच्या दांडीच्या मुळाला लागत असेल तर दांडी उंच करणारा तुकडा लागतो. बहुतेक ठिकाणी आटे १० × १.२५ (व्यास आणि दोन आट्यांतलं अंतर, मिमीत). यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने जोर लावला तर आटे जातील.

---

न्यूट्रल_गियर

बसवले. १ मिमीचा बुश, २२ चा वायसर, एम ८ बाहेर, आत क्लॅम्पसाठी डावी खुंटी घासली, उजवीकडे भोक न पाडता मास्टर सिलिंडरच तेवढा सरकला. थ्रॉटल तिन्ही ठिकाणी टक्कन बंद होतं. टाकीला आणि काचेला काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र बिघडली. ब्रेकचा मागचा दिवा सतत चालू आहे. लिव्हर ओढली की पुढचा ब्रेक नीट लागतो. स्विचची वायर काढून बघितली, जोडणी ठीक आहे.

---

उजवी_मूठ

गाडी चालवू नका. आधी हे करा: पुढचं चाक उचलून हाताने फिरवा आणि लिव्हरचं टोक बाहेरच्या, म्हणजे पट्टीच्या दिशेला बोटाने ढकला. ते पट्टीला टेकलेलं आहे का?

लिव्हर पूर्ण परत येत नसेल तर ब्रेक स्विचची पिन दाबली जात नाही आणि दिवा चालू राहतो. दिवा हा त्रास नाही, इशारा आहे. त्या स्थितीत मास्टर सिलिंडरमधला पिस्टन एक-दोन मिमी आत राहतो आणि डबीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. पॅड आणि तेल गरम होऊन तेल फुगलं की त्याला परत जायला वाट नाही. मग पॅड डिस्कला चिकटायला लागतात, त्याने आणखी गरम, आणखी चिकट, आणि पुढचं चाक जाम होतं. उभ्या गाडीवर यातलं काहीच दिसत नाही, चाक छान फिरतं.

क्लचच्या बाजूलाही हेच बघा. तिथे लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमीचा मोकळा खेळ हवा. पट्टीने तो खाल्ला तर क्लच पूर्ण बसत नाही आणि चढावर घसरतो.

---

न्यूट्रल_गियर

टेकलं आहे. लिव्हरच्या टोकाची गोटी पट्टीच्या आतल्या कडेला लागून बसली आहे. बोटाने बाहेर ढकलली तर हलतच नाही. टोक थोडं कापून टाकू का?

---

कानस

कापू नका. ती गोटी पडल्यावर लिव्हर कुठे घुसू नये म्हणून आहे, कापलेली दांडी सुऱ्यासारखी राहते. लिव्हरच्या दोन बोटांच्या छोट्या आवृत्त्या मिळतात, त्यांनाही टोकाला गोटी असते. पण आधी पट्टी सरकवून बघा, कदाचित गरजच पडणार नाही. आतला क्लॅम्प सैल करून पट्टीचा आतला हात पुढे, हेडलाइटच्या दिशेने फिरवा. बाहेरचा बोल्टही अर्धा फेरा सैल करावा लागेल. नसेल पुरत तर मास्टर सिलिंडर दोन-तीन मिमी आतल्या बाजूला.

सोडलेल्या लिव्हरच्या गोटीपासून पट्टीपर्यंत किमान ५ मिमी, जमलं तर ८. पडल्यावर पट्टी आत लवते, तेवढी जागा हवी. लिव्हर पूर्ण ओढून मुठीला टेकवा आणि तेव्हाही पट्टी, बोटं, हातमोजे यांत काही अडकत नाही ना ते बघा. जाड हातमोजे घालूनच बघा.

---

न्यूट्रल_गियर

आतला क्लॅम्प फिरवून पट्टी पुढे घेतली, मास्टर सिलिंडर २ मिमी आत. गोटी ते पट्टी ७ मिमी. दिवा लिव्हर सोडताच विझतो. क्लचच्या बाजूला ९ मिमी आहेत, लिव्हरचा खेळ १२.

बाहेरचा बोल्ट सैल केला होता म्हणून थ्रॉटलची तपासणी परत पहिल्यापासून केली. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर मूठ बंद होताना किंचित रेंगाळत होती. वायसर एका बाजूला सरकून नळीच्या कडेवर चढला होता. बोल्ट काढून, वायसर मध्यावर बोटाने धरून परत आवळला. आता तिन्ही ठिकाणी टक्कन.